डाव्या पंखाचा दुसरा सांधा

जीवराम सुतार मूळचा अमळनेरचा. बाप बैलगाड्या करायचा, आजा बैलगाड्या करायचा, आणि जीवरामही तेच करत राहिला असता तर त्याच्याबद्दल लिहायला कुणी बसलं नसतं. चाक चांगलं निघालं की शेतकरी गाडी हाकत निघून जातो. सुताराची आठवण येते ती चाक मोडल्यावर, आणि येते ती शिवी घेऊनच.

अंगानं किरकोळ, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. माणसांशी बोलायचा त्यापेक्षा जास्त तो लाकडाशी बोलायचा. फळी हातात आली की बोटाच्या पेरानं टकटक करी आणि कान लावून ऐके. फळी बोलली तर घ्यायची, मुकी निघाली तर बाजूला, मग ती दिसायला कितीही देखणी असो. नर्मदाबाई, त्याची बायको, शेजारणींना सांगायची की मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याच डोक्यावर टकटक केली नाही हे नशीब समजा.

त्रेसष्ट साली त्याच्या दारात लीलाधर चौधरी येऊन उभे राहिले. सावद्याच्या केळीवाल्या घरातला हा मुलगा इंजिनिअर झाला आणि बारा वर्षं बंगलोरला विमानांच्या कारखान्यात राहिला. बासष्टच्या लढाईनंतर हवाई दलाला नवे वैमानिक भराभर हवे होते आणि नवशिक्यांना शिकवायला विमानं अपुरी होती. लीलाधरांच्या डोक्यात तेव्हापासून एकच खूळ. दोन आसनांचं, साधं, लाकडी शिक्षण-विमान करायचं. असं, की नवख्या पोरानं उतरताना आपटलं तरी तालुक्याच्या गावचा सुतार ते दुरुस्त करू शकेल. दिल्लीनं हो-नाही करत परवानगी दिली ती एकाच प्रायोगिक विमानाची. मार्च सदुसष्ट संपायच्या आत उडवून, परीक्षा पास करून दाखवा, पटलं तर पुढं बघू, नाहीतर गुंडाळा.

लीलाधरांनी जीवरामपुढे लाकडाचे दोन तुकडे ठेवले. "हे असे जोडा की मोडायची वेळ आली तर लाकूड मोडलं पाहिजे. सांधा नाही."

दुसरा सुतार असता तर अर्ध्या तासात जोडून हातावर ठेवला असता. जीवरामनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी लीलाधरांनी तो जोड गुडघ्यावर आपटून मोडला. लाकूड फाटलं, रेषा रेषा उसवली, पण सांधा जागचा हलला नाही. महिनाभरात जीवराम बिऱ्हाड घेऊन धुळ्याला आला.

धुळ्याबाहेर पारोळ्याच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड होती. तिच्या कोपऱ्यांतून सरकी अजून निघायची. शेजारी मुरूम दाबून केलेली धावपट्टी. त्या शेडमध्ये पाच सुतार, दोन फिटर आणि कापड चढवणाऱ्या चार बाया यांनी तीन वर्षं खपून एक विमान उभं केलं. पाय लांब आणि काटकुळे, इंजिनाचा आवाज कर्कश, म्हणून बायांनी त्याचं नाव पाडलं टिटवी. दिल्लीच्या कागदांवर त्याला आकडे होते, पण ते आकडे लीलाधर सोडून कुणाच्या तोंडात बसले नाहीत.

आता सांध्याची गोष्ट कळायची तर पंखाचं एवढं कळलं पाहिजे. पंखाच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक तुळई असते, तिला स्पार म्हणतात. घराचं आढं तशी ती. बाकीच्या फासळ्या, प्लायवूड, वरचं कापड, सगळं तिच्या जिवावर. एवढं लांब, एकाही गाठीशिवायचं लाकूड मिळत नाही, म्हणून तुकडे तिरपे तासून एकमेकांवर चिकटवतात. टिटवीच्या प्रत्येक पंखात असे तीन सांधे होते, आणि सहाच्या सहा जीवरामच्या हातचे. दुसऱ्या कुणाला लीलाधरांनी त्याला हात लावू दिला नाही.

हे तुकडे चिकटवायचा सरस साधा नव्हता. पूड आणि पाण्यासारखं औषध यांचा तो सरस कोरड्या, स्वच्छ लाकडाला असा धरायचा की सोडायचं नाव नाही. पण लाकडाला तेलाचा हात लागलेला असेल तर तो वरवर धरतो आणि आतून फसवतो. म्हणून शेडच्या दारावर लीलाधरांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली होती: तेल, मेण, साबण आत आणू नये. बायांना वेणीला तेल लावून आत येता येत नसे. त्यावरून त्या लीलाधरांना काय काय म्हणत ते इथं नको.

आणि मग सहासष्टची खंडेनवमी आली.

सुताराच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. करवत, वाकस, पटाशी धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, आणि तेलाचं बोट. लीलाधरांनी शेडमध्ये पूजा करू दिली, पण कोरडी. फुलं वाहा, कुंकू कागदावर लावा, तेल नाही. बाकीच्यांनी मान डोलावली. जीवरामच्या जिवाला मात्र ते लागलं. त्याचा रंधा त्याच्या बापाचा होता, शिसवीचा, हातांनी झिजून काळा कुळकुळीत झालेला. लीलाधरांच्या परदेशी लोखंडी रंध्यानं लाकूड जिथं उचकायचं तिथं हा बापाचा रंधा साय काढावी तसा फिरायचा. तीन सांध्यांनंतर लीलाधरांनीच परवानगी दिली होती की शेवटचा हात याच रंध्याचा. बापाचा नेम असा की वर्षातून एक रात्र, खंडेनवमीची, रंध्याला पोटभर तीळतेल पाजायचं. लाकडी हत्यार आहे, वर्षभर राबतं, एक दिवस तरी त्याला खाऊ घालायला नको?

त्या संध्याकाळी जीवराम रंधा पिशवीत घालून घरी घेऊन गेला. हत्यारं शेडबाहेर न्यायला बंदी होती. त्यानं कुणाला विचारलं नाही. नर्मदाबाईनं पूजा केली, रंध्याला तेल पाजलं. दसरा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी जीवरामनं रंधा फडक्यानं खसाखसा पुसला, हातावर फिरवून पाहिला, कोरडा लागला. शेडमध्ये जाऊन त्यानं डाव्या पंखाचा दुसरा सांधा, सहातला एवढाच राहिलेला, त्याच रंध्यानं साफ केला आणि चिकटवला.

प्रत्येक सांध्याबरोबर एक नमुना चिकटवून दुसऱ्या दिवशी मोडून बघायची पद्धत होती. त्या दिवशीचा नमुना भटूनं, दुसऱ्या सुतारानं, लोखंडी रंध्यानं केला होता. तो पास झाला. पुढे पंख उलटा टांगून त्यावर वाळूच्या गोण्या रचल्या, विमानाच्या वजनाच्या चौपट. उडायच्या पंखाला जमिनीवर त्याहून जास्त ताण द्यायची पद्धत नव्हती. पंख वाकला, परत सरळ झाला. कापड चढलं, रंग चढला. जानेवारीपासून टिटवी अकरा वेळा उडाली. सरळ वर, दोन गिरक्या, सरळ खाली. गावातली माणसं सायकली टाकून बघायला येत.

उडवणारा होता भाईदास वाघ. चाळीसगावकडच्या खेड्यातला, हवाई दलात आठ वर्षं काढून आलेला, चौतिशीचा गडी. नर्मदाबाईच्या हातची शेवभाजी त्याला इतकी आवडायची की रविवारी न बोलावता येऊन बसायचा आणि तिला अक्का म्हणून भाकरी वाढून घ्यायचा. जीवरामला मूलबाळ नव्हतं. भाईदास जेवायला बसला की जीवराम समोर उगाच काहीतरी तासत बसायचा आणि त्याचं ऐकत राहायचा.

फेब्रुवारी सदुसष्ट. निवडणूक नुकतीच आटोपली होती. दिल्लीचे तीन अधिकारी आदल्या दिवशीच धुळ्यात येऊन उतरले होते. सकाळी दहाला टिटवीची खरी परीक्षा. भाईदास तिला उंच नेणार, नाक खाली करून सोडणार आणि वेगात असताना झटक्यानं वर उचलणार. उचलताना पंखांवर विमानाच्या वजनाच्या साडेपाचपट ओझं येतं. हे झालं की परीक्षा पास.

जीवराम पहाटेच उठून अंघोळीच्या पाण्याची वाट बघत ओट्यावर बसला होता. नर्मदाबाई बंबासाठी ढलप्या फोडत होती. शेडमधले वाया गेलेले तुकडे जीवराम गोणीत भरून घरी आणायचा. सांध्याच्या कडा तासताना निघालेले तुकडेही त्यात असायचे, आणि सवयीनं तो त्यांच्यावर पेन्सिलीनं तारीख घालून ठेवायचा.

"आहो, देखा ना," नर्मदाबाई म्हणाली, "एक घाव मारा तं पोळीना पापुद्रा सुटस तसं सुटनं! अन् तुम्ही म्हनतस, मन्हा सांधा सुटत नही."

ती चेष्टा करत होती. जीवरामनं तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. तुकडा सरसाच्या रेषेवर उघडला होता. लाकडाचा एक धागा फाटला नव्हता. दोन्ही बाजू गुळगुळीत, आणि सरसाचा थर काचेसारखा चकचकीत. पाठीवर त्याच्याच हातची तारीख, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची, आणि खाली लिहिलेलं: डावा, दोन.

"तू रंधाले तेल कितलं लायेल व्हतं?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगं व्हतं, रातभर पिऊ दे म्हनीसन." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय व्हयनं?"

जीवरामनं गोणी उपडी केली. पहिल्या सांध्याचा तुकडा शोधून कुऱ्हाडीनं फोडला, लाकूड फाटलं. तिसऱ्याचा फोडला, लाकूड फाटलं. दुसऱ्याचा आणखी एक तुकडा सापडला. तो त्यानं नुसता दगडावर आपटला आणि तो उघडला.

"आज भाईदास वर जाई ऱ्हायना," तो म्हणाला आणि तिथंच बसून राहिला. त्याच्या डोक्यात एकदम दहा गोष्टी भांडू लागल्या. तुकडा कडेचा आहे, कडेला रंध्याचं बूड जास्त घासतं, आतला सांधा चांगला असेल. गोण्या पेलल्यात त्यानं. अकरा वेळा उडालाय. आज सांगितलं तर दिल्लीवाले उठून जातील, तीन वर्षं मातीत, अकरा जणांची कामं मातीत, आणि सगळ्यांसमोर म्हणावं लागेल की बंदी असताना मी चोरून रंधा नेला. त्याला खरंच भीती वाटत होती. ही भीती कुणाला हसू येण्याजोगी वाटत असेल तर त्यानं आपल्या हातचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम एकदा आपल्याच तोंडानं नासकं म्हणून बघावं.

नर्मदाबाईला सगळं कळलं होतं असं नाही. पण भाईदासचं नाव तिनं ऐकलं होतं.

"मंग बठनात कसाले?" त्याला बसलेला बघून ती म्हणाली. "काढा सायकल."

शेड साडेतीन मैल. भिंतींवर निवडणुकीची चिन्हं अजून ओली वाटत होती. जीवरामनं दोन्ही तुकडे बंडीच्या खिशात घातले होते आणि वाटेत दोनदा चाचपले. पोचला तेव्हा टिटवी बाहेर काढलेली होती. पिवळा रंग उन्हात चमकत होता. दिल्लीचे तिघे खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. त्यांच्यातले मुख्य, टोपीवाले, लीलाधरांशी इंग्रजीत बोलत होते आणि लीलाधर हसत होते. तीन वर्षांत जीवरामनं त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तो लांबच उभा राहिला. एकदा पुढं झाला, परत मागं आला. भटूनं विचारलं, "काय रे, अंगात कणकण आहे का?"

भाईदास विमानाभोवती फिरत एकेक जागा हात लावून बघत होता. डाव्या पंखाला त्यानं खालून थोपटलं, गायीला थोपटतात तसं. ते पाहिलं आणि जीवराम चालू लागला. थेट खुर्च्यांमध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, बाजूला या."

"जीवराम, आत्ता नाही."

"आत्ताच."

शेडच्या भिंतीआड लीलाधरांनी तुकडे पाहिले, उघडी बाजू बोटानं घासली, आणि त्यांचा चेहरा उतरला. जीवरामनं रंधा, तेल, पिशवी, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

लीलाधरांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "हा कडेचा तुकडा आहे. कडा आपण तासून टाकतो त्या यासाठीच. आत काय आहे ते यावरून कळत नाही."

"हो."

"पंखानं चौपट भार घेतलाय. माझ्या डोळ्यांसमोर."

"आज साडेपाचपट आहे, साहेब."

"मला शिकवू नका!" ते एकदम ओरडले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंख उघडायचा म्हणजे तो कापायचा. कापला की तीन महिने. मार्च संपेल. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय मागताय?"

जीवरामला कळत होतं. म्हणून तर तो एवढा वेळ लांब उभा राहिला होता.

त्यांच्या आवाजानं भाईदास आला होता. हेल्मेट काखेत, गळ्यात रुमाल. त्यानं लीलाधरांच्या हातातले तुकडे घेतले, एकमेकांवर जुळवले, पुन्हा उघडले. तो या दोघांहून शांत होता. आकाशात जाणाऱ्या माणसाला जमिनीवर घाई करून चालत नाही.

"साहेब, तुमचं मत?" त्यानं विचारलं.

लीलाधर प्रामाणिक माणूस. इथं त्यांनी खोटं बोलावं एवढीच गरज होती, पण तेही जमेना. "बहुतेक टिकेल," ते म्हणाले.

भाईदास जीवरामकडे वळला. टिटवी शिकवायचं विमान, तिला आसनं दोन. पुढचं शिकणाऱ्याचं, मागचं शिकवणाऱ्याचं.

"जीवरामनाना, तुम्ही बठशात का मन्हासंगे?"

जीवरामनं विचार केला नाही. "मी बठसू," तो म्हणाला. "पन तुले बठू देवाव नही."

वैमानिकाला तो नेहमी भाईदासभाऊ म्हणायचा, अहो-जाहो करायचा. तुला बसू देणार नाही म्हणताना आज पहिल्यांदा अरेतुरेवर आला आणि त्याचं त्यालाच कळलं नाही. भाईदासनं गळ्यातला रुमाल सोडला. मग हेल्मेट खाली ठेवलं, अगदी जमिनीवर, मुरमात.

त्यानंतरचा तास लीलाधरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. टोपीवाल्या साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. ते साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. एका सुताराच्या म्हणण्यावरून परीक्षा रद्द? पूजेच्या तेलावरून? बरोबरच्या धाकट्या अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. लीलाधर म्हणाले, "दोन तास द्या. सांधा कापून काढतो. तुमच्यासमोर ताणतो. भक्कम निघाला तर दोष माझा."

टिटवीला परत आत ढकललं. कापड ज्यांनी चढवलं होतं त्या बायांपैकी ताईबाई तिथंच उभी होती. जीवरामनं पटाशीचं टोक पिवळ्या कापडात घातलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. त्यानं प्लायवूड काढलं, दोन फासळ्या सोडवल्या, आणि करवत लावली. स्वतःच्या हातचं काम तो कापत होता आणि कापतानाही रेघ सोडत नव्हता. भटू हात द्यायला आला तर त्यानं नुसती मान हलवली.

हातभर लांबीचा तो सांधा शेडच्या ताण द्यायच्या घोडीवर चढला. एका बाजूला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाळणा, पाळण्यात लोखंडी वजनं टाकायची. भिंतीवर खडूनं आकडे लिहिलेले होते, कुठल्या वजनाला किती पट. वजनं जीवरामच टाकत होता.

दोनपट. तीनपट. सांधा हूं की चूं करेना. शेडमध्ये सगळे उभे, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, सांध्याकडे नाही. चौपट. धाकटा अधिकारी दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. साडेचारपट. लीलाधरांनी डोळे मिटून घेतले. ते काय मागत असतील? सांधा टिकला तर विमान चांगलं होतं आणि ते उगाच कापलं. तुटला तर विमान खोटं होतं. त्यांच्या बाजूनं देवाकडे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जीवराम मात्र मागत होता. सबंध आयुष्यात त्यानं आपला सांधा टिकावा म्हणूनच हात जोडले होते. आज तो मनात म्हणत होता, तूट. तूट रे बाबा. मी वेडा नाही एवढं तरी यांना कळू दे. आणि त्याच वेळी हातांना वाटत होतं की टिकावा, कारण हात त्याचेच होते.

पाचपट झाली. टोपीवाले साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, पुरे झालं आता. जीवरामनं एक लहान वजन उचललं आणि हळूच पाळण्यात ठेवलं.

आवाज मोठा झाला नाही. सुपारी फुटावी एवढाच. दांडा धाडकन खाली आला, पाळणा जमिनीवर आपटला, वजनं लोळली. सांध्याचे दोन तुकडे घोडीवर सुटे पडले होते. एका कोपऱ्यात थोडं लाकूड फाटलेलं, बाकी सगळा भाग गुळगुळीत, चकचकीत. लीलाधरांनी जवळ जाऊन भिंतीवरचा आकडा वाचला. सव्वापाचपटीच्या आत.

भाईदास भिंतीला टेकून उभा होता तो तसाच घसरत खाली बसला. मग दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले, आणि बराच वेळ उचलले नाहीत.

दिल्लीचे लोक दुपारच्या गाडीसाठी चाळीसगावला निघाले. जाताना टोपीवाल्यांनी जीवरामशी हात मिळवला. एप्रिलात पत्र आलं: मुदत संपली, पुढची शिक्षण-विमानं धातूचीच होतील, लाकडी विमानाचा प्रयोग बंद करण्यात येत आहे. शेडला कुलूप लागलं. भाईदास पिकांवर औषध फवारायची विमानं उडवायला पंजाबात गेला. जीवराम धुळ्यातच राहिला. एसटीच्या बसचे लाकडी सांगाडे, शाळांचे बाक, लग्नाचे पाट, मिळेल ते करत अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गेला. त्यानं विमान केलं होतं हे पुढच्या गल्लीतल्या पोरांना सांगितलं तरी खरं वाटत नसे.

पण कुलूप लागायच्या आधीची एक दुपार सांगायची राहिली.

परीक्षेनंतर आठ दिवसांनी लीलाधर शेडमध्ये टेबलाशी बसून दिल्लीला पाठवायचा अहवाल लिहीत होते. जीवराम समोर उभा राहिला आणि म्हणाला, काय लिहिलं ते वाचून दाखवा. लीलाधरांनी वाचलं. डाव्या पंखातील दुसऱ्या सांध्यात स्निग्ध पदार्थाचा अंश गेल्यानं सरस कमजोर राहिला. देखरेखीत उणीव राहिली, जबाबदारी संपूर्णपणे माझी. खाली लीलाधर चौधरी.

"आणि रंधा?" जीवरामनं विचारलं.

"ते लिहायची गरज नाही."

"माझं नाव?"

"जीवराम, तुमच्यामुळे एक माणूस जिवंत आहे. तुमचं नाव दोषाच्या रकान्यात मी घालणार नाही. मला तेवढी तरी लाज आहे."

जीवरामचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो लीलाधरांवर पहिल्यांदाच चिडला होता. "साहेब, तुम्ही 'देखरेखीत उणीव' लिहिलंत. ते वाचून पुढच्याला काय कळणार? कुठं तरी दुसरा कुणी विमान करेल. तिथंही सुतारच असेल. त्याच्याही घरी बापाचा रंधा असेल आणि खंडेनवमी असेल. तोही फडक्यानं पुसून म्हणेल, कोरडा आहे. त्याला कोण सांगणार? तुमच्या उणिवेतून त्याला तेल दिसेल का?"

लीलाधरांनी कागद चुरगाळला आणि नवा घेतला. जीवराम सांगत गेला तसं ते लिहीत गेले. रंधा शिसवीचा. तीळतेल. रात्रभर. बंदी असताना बाहेर नेला. पुसल्यावर हाताला कोरडा लागला, पण लाकडात तेल होतं. कुणी केलं या रकान्यापाशी पेन थांबलं.

"लिहा," जीवराम म्हणाला.

लीलाधरांनी लिहिलं. मग पेन त्याच्यापुढे धरलं. जीवरामनं धोतराला हात पुसले, कागद नीट सरळ केला, आणि आपल्या नावापुढे सावकाश सही केली.